नमुना क्रमांक ४३१५

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुण्याच्या खोलीत त्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता पुढील गोष्टी होत्या: कॉफीच्या सात पुड्या, त्यांतल्या दोन पाण्यात विरघळणाऱ्या, चार दळलेल्या आणि एक अख्ख्या बियांची, हाताने फिरवायची चारशे दहा ग्रॅमची एक चक्की, कागदी गाळण्या बावीस, धातूची एक, थर्मामीटर दोन, स्टॉपवॉच एक, अठ्ठ्याऐंशी अंशांवर स्थिर ठेवलेलं पाण्याचं भांडं एक, अर्धवट प्यायलेले कप अकरा, आणि स्टुलावर बसून डावा पाय सारखा हलवणारी एक मुलगी, जिच्या नाडीचे ठोके मिनिटाला एकशे चार होते. ते तिने स्वतःच मोजले होते. दोनदा.

तिला सगळे ‘नवी’ म्हणत. तिला नोकरीला लागून चौदा महिने झाले होते, पण तिच्यानंतर कुणी लागलंच नाही, त्यामुळे हे नवेपण तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. या चौदा महिन्यांत तिने साधारण नऊ हजार बाटल्या धुतल्या होत्या आणि तेवढेच आकडे रजिस्टरात चढवले होते. शहराला येणारं पाणी ज्या तळ्यातून निघतं, ते तळं मात्र तिने अजून पाहिलं नव्हतं. ते वर डोंगरात होतं, साडेतीन हजार मीटरवर. वर्षातून एकदा प्रयोगशाळेतली चार माणसं पाठीवर तंबू आणि बाटल्या घेऊन तिथे चालत जात, चार रात्री राहत आणि चारही सकाळी पाण्याचे नमुने घेत. तीन माणसं ठरलेली होती: बाई, जंतूताई आणि ड्रायव्हरकाका. चौथी जागा रिकामी होती, आणि त्या जागेपायी नवीची झोप उडाली होती.

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. चाळीस वर्षं पाणी मोजून मोजून त्यांच्या बोलण्यातलं पाणी आटून गेलं होतं. सकाळची पहिली कॉफी पोटात जाईपर्यंत तर त्या फक्त आकडे बोलत.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी नवीला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “गेल्या वर्षी काय झालं, ऐकलंयस ना?”

नवीने मान डोलावली. सगळ्या इमारतीला ते पाठ होतं. गेल्या वर्षी जंतूताईंनी कॉफीची एक पुडी घाईघाईत पिशवीत कोंबली होती. तिला दमट हवा लागली आणि वर पोचेपर्यंत तिची वीट झाली. ड्रायव्हरकाकांनी ती पान्याने फोडून पाहिली. पान्याला टवका गेला, विटेला नाही. बाई दोन सकाळी कॉफीवाचून राहिल्या. तिसऱ्या सकाळी त्यांनी दोन बाटल्यांची झाकणं अदलाबदल केली. बाईंनी! त्या वर्षीचे तळ्याचे सगळे नमुने टाकून द्यावे लागले.

“म्हणजे हा काही चोचल्यांचा विषय नाही,” बाई म्हणाल्या. “उपकरणाचा विषय आहे. ते उपकरण म्हणजे मी. मला वर चालेल अशी कॉफी शोध. वजनाला हलकी, ओल धरणार नाही, मागे कचरा उरणार नाही, आणि चव अशी की माणूस कामाला लागेल. जमलं तर चौथी जागा तुझी.”

“आणि नाही जमलं तर?”

“बाटल्या आहेतच की.”

असं म्हटल्यावर नवी हात धुऊन मागे लागणार नाही तर काय करणार? पण ती पडली विज्ञानाची पदवीधर. तिने दुकानदाराला ‘चांगली कोणती हो?’ असं विचारलं नाही. तिने आधी आलेख काढला. साडेतीन हजार मीटरवर पाणी शंभर अंशांना उकळत नाही, अठ्ठ्याऐंशीलाच उकळतं. म्हणजे इथे घरी फक्कड लागणारी कॉफी तिथे फुळकवणी लागणार. म्हणून तिने इथेच अठ्ठ्याऐंशी अंशांचं पाणी तयार ठेवलं आणि साती पुड्यांची परीक्षा सुरू केली. कपांना फक्त नंबर दिले. हा बाईंचाच नियम होता: बाटलीला गाव नसतं, बाटलीला नंबर असतो. पाणी कुठलं हे तपासणाऱ्याला कळलं की त्याचे डोळे खोटं बघायला लागतात.

चव घ्यायला रोज दोघं यायची. जंतूताई, म्हणजे सूक्ष्मजीव मोजणाऱ्या ताई. त्यांना या टोपणनावाचा राग येत नसे, उलट फोनवर त्या स्वतःच ‘जंतूताई बोलतेय’ म्हणत. आणि ड्रायव्हरकाका, जे रोज सकाळी शहरातल्या सहा टाक्यांवरून पाण्याच्या बाटल्या भरून आणत.

“तीन नंबर कशी आहे, काका?”

“पिकअप चांगलाय. पण चढावर मार खाईल.”

“पाच?”

“ही छान आहे हं.”

“मघाशी चारलासुद्धा छानच म्हणालात.”

“तीही छानच होती की. माणसाने किती पारखून घ्यावं गं?”

आणि तिसरी चव घेणारी नवी स्वतः होतीच. दिवसाला अकरा कप. चौथ्या दिवसापासून तिची पापणी फडफडायला लागली. सहाव्या दिवसापासून तराजूचा आकडा स्थिर होईना. तिला वाटलं तराजू बिघडला, पण बिघाड चिमट्याच्या या टोकाला होता. आई म्हणाली, “जेवताना तरी पाय हलवू नकोस, वरण सांडतंय.” ती पलंगावर पडून छताच्या फळ्या मोजायची, आणि मोजून झाल्या की पडताळणीसाठी उलट्या मोजायची. प्रयोगशाळेत तर पंधरवडाभर इतका वास कोंदला होता, की टपालवालासुद्धा दारातच विचारायचा, “आहे का घोटभर?”

निकाल मात्र येईना. अठ्ठ्याऐंशी अंशांत साती कॉफ्या सारख्याच मिळमिळीत लागत होत्या. आणि मंगळवारी संध्याकाळी, अकराव्या कपानंतर, नवीला एकदम सुचलं: पाणी उकळायचंच कशाला? जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात टाकून रात्रभर ठेवायची, सकाळी गाळायची, हवी तर मग कोमट करायची. पाणी किती अंशांना उकळतं हा प्रश्नच गेला! तळ्याचं पाणी चार अंशांचं असतं. तेव्हा पडताळणीही चार अंशांतच व्हायला हवी.

आणि चार अंश, एक इकडे नाही की तिकडे नाही, या इमारतीत एकाच ठिकाणी मिळत: तपासणीच्या खोलीत, नमुन्यांच्या फ्रिजमध्ये.

तपासणीच्या खोलीत खाण्यापिण्याची कुठलीही वस्तू नेणं म्हणजे बाईंच्या राज्यात महापाप. नवीला ते ठाऊक होतं. पण पंधरा दिवस झोप नसलेल्या डोक्याला एकच वाट दिसते आणि ती सरळच दिसते. तिने एक नवी कोरी नमुन्याची बाटली घेतली, तपकिरी काचेची, आतलं काही न दिसणारी. ती उकळून घेतली. ऐंशी ग्रॅम कॉफी, लिटरभर गार पाणी. आता बिननंबरी बाटली फ्रिजमध्ये दिसली की जंतूताई ती बघताक्षणी ओतून देत, म्हणून नंबर हवा. तिने नंबरांच्या चिकटपट्ट्यांच्या रोलवरचा मधलाच एक नंबर सोलून लावला. ४३१५ निघाला. सकाळी साडेसातला, कुणी यायच्या आत, बाटली काढून घ्यायची, गाळायची आणि चिकटपट्टी फाडून टाकायची. बस्स.

घरी गेल्यावर ती पलंगावर टेकली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला मेल्यासारखी झोप लागली.

ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. केस एका बाजूला, ओढणी दुसऱ्या बाजूला. जंतूताई टेबलापाशी उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे चमकत होते.

“आलीस? आज काय सापडलंय विचार!”

“काय?”

“पाच नंबरच्या टाकीत काहीतरी मेलंय.”

“अगं बाई!” नवी जाग्यावरच थबकली. घाबरून नाही, कुतूहलाने. तो तिचा स्वभावच. “काय आकडे आले?”

“रंग मोजपट्टीच्या बाहेर. पन्नास पट पातळ केलं, तरी बाहेर. क्लोरीन शून्य. आणि पीएच बघ, पाच पॉइंट एक!”

“पाच पॉइंट एक?” नवी म्हणाली. “काय योगायोग आहे! माझ्या कॉफीचाही बरोबर तेवढाच असतो.”

“हो ना? आंबलेलं असणार काहीतरी. वासावरून काही कळेना, इथे पंधरा दिवस सगळ्यालाच कॉफीचा वास येतोय. मोठा प्राणी असावा.”

“मग कळवलंत?”

“कळवलं म्हणजे? दोन आकडे हद्दीबाहेर गेले की दहा मिनिटांत फोन, नियमच आहे. आठ वाजून छप्पन्न मिनिटांनी टाकीसाहेबांना सांगितलं, नऊला त्यांनी मुख्य चावी बंद केली. बाराला टाकी रिकामी करणार आहेत.” जंतूताईंनी समाधानाने हात पुसले. “वीस वर्षांत असा नमुना पाहिला नाही बघ.”

तेवढ्यात नवीच्या पिशवीतला फोन वाजला. आई होती.

“तुमच्या लॅबने काय आरंभलंय गं? डोक्याला साबण लावून उभी आहे मी! नळाला एक थेंब नाही. खालची इस्त्रीवाली म्हणतेय, तुमच्या लोकांनी पाणी बंद करवलंय.”

“आई, टाकीत काहीतरी मेलंय.”

“इथे मी मरतेय, डोळ्यांत साबण जाऊन. काय मेलंय ते शोध आणि लवकर उचल!”

नवी फोन ठेवून फ्रिजकडे वळली, आपली बाटली घ्यायला. फ्रिज उघडला. वरचा कप्पा रिकामा. मधला रिकामा. खालच्यात जंतूताईंचं दही, पण ते जंतूंसाठी होतं. तिने दार लावलं. पुन्हा उघडलं. मग ती सावकाश मागे वळली आणि टेबलावर धुवायला ओळीने ठेवलेल्या सहा तपकिरी बाटल्यांकडे तिने पाहिलं. पाचव्या बाटलीच्या तळाशी बोटभर जाड गाळ होता, आणि तो तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

ती तशीच बाहेर पळाली.

ड्रायव्हरकाका बाहेर गाडीची काच पुसत होते. नवीने त्यांना कोपऱ्यात ओढलं.

“काका, आज पाच नंबरच्या टाकीवर गेला होतात?”

काकांचा फडका थांबला. “का?”

“गेला होतात का नाही?”

“हे बघ,” काका आवाज खाली आणून म्हणाले, “सकाळी रोल हातात घेतला. चौदानंतर एकदम सोळा. पंधरा गायब. म्हटलं हे काय? फ्रिजमध्ये बघतो तर पंधरा नंबरची बाटली हजर! रजिस्टरमध्ये बाईंनी आठवड्याचं लिहूनच ठेवलंय, पंधरा म्हणजे पाच नंबरची टाकी. म्हटलं, कुणीतरी भल्या माणसाने आणून ठेवली. एका नंबरच्या दोन बाटल्या करायच्या नाहीत, हाही बाईंचाच नियम. आणि तो रस्ता नऊ किलोमीटर आहे, सगळा खड्ड्यांचा. मग कशाला जाऊ?”

“काका, तो भला माणूस मी होते. ती कॉफी होती.”

काकांनी फडका खांद्यावर टाकला. मग म्हणाले, “तरीच म्हटलं, त्या खड्ड्यांतून येऊन एवढी गच्च भरलेली कशी.”

“आता काय करायचं?”

“बाई कुठेत?”

“मीटिंगला. अकराला येतील.”

“चल, बस गाडीत.”

बेत असा होता: पाच नंबरचा खरा नमुना आणायचा, तो स्वच्छ निघणार, टाकीसाहेबांना दाखवायचा, चावी उघडणार, आईचा साबण निघणार आणि तळ्यावरची चौथी जागा शाबूत राहणार. खोटं बोलायचं नव्हतंच. फक्त कुणी विचारलं नाही तर सांगायचंही नव्हतं. नवी पुढच्या सीटवर गुडघ्यात बाटली धरून बसली आणि गाडी खड्ड्यात नसतानासुद्धा हादरत राहिली. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बादल्या घेतलेली माणसं दिसत होती. एक न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा होता. नवीने तोंड दुसरीकडे फिरवलं, तर तिकडे पोहण्याच्या तलावाच्या फाटकाशी टॉवेल गुंडाळलेली पंधरा-वीस माणसं.

“मोजू नकोस,” काका म्हणाले.

“एकोणीस आहेत,” नवी म्हणाली.

टाकीसाहेब टाकीच्या जिन्याखाली कमरेवर हात ठेवून उभे होते. शहरातल्या सहाही टाक्या त्यांच्या ताब्यात होत्या आणि त्यांचा चेहरा त्या सहाही आपल्याच डोक्यावर ठेवल्यासारखा असे.

“नमुना घ्या, खुशाल घ्या,” ते म्हणाले. “पण टाकी मी बाराला रिकामी करणार. चार लाख लिटर ओढ्यात.”

“साहेब, पण हा नमुना चांगला आला तर?”

“तर मला लेखी कळवा. मी काय जंतू बघायला आत उतरू?”

परतताना काकांनी एकही खड्डा चुकवला नाही, कारण चुकवायला वेळ नव्हता. दहा वाजून पंचावन्न मिनिटांनी नवीने बाटली जंतूताईंच्या पुढ्यात ठेवली. रंग हद्दीत. क्लोरीन हद्दीत. पीएच सात पॉइंट चार. आरशासारखं पाणी.

“बघा, स्वच्छ!” नवी जवळजवळ ओरडलीच. “करा फोन!”

“असा कसा करू?” जंतूताईंनी चष्मा वर सरकवला. “एक नमुना वाईट, एक चांगला. दोन वेगळे आले तर वाईट तो खरा धरायचा. लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. आता राखीव भाग तपासल्याशिवाय काही म्हणता येणार नाही.”

“राखीव भाग?”

“प्रत्येक नमुन्याचे शंभर मिलीलिटर बाजूला काढून ठेवते मी, विसरलीस? बाईंच्या टेबलावर आहे. त्या आल्या की बघतीलच.”

आणि दारातून बाईंचा आवाज आला, “काय बघायचंय?”

अकरा वाजून चार मिनिटं. नवीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग काकांकडे. काका खिडकीबाहेर आपली गाडी पहिल्यांदाच दिसत असल्यासारखे बघत होते. जंतूताई उत्साहाने पहिल्यापासून सगळं सांगत होत्या, मेलेल्या प्राण्यासकट. बाई ऐकत ऐकत आपल्या टेबलाशी गेल्या, राखीव बाटली उचलली आणि पांढऱ्या बशीत ओतायला लागल्या.

आता बोलली नसती तर अजून काही मिनिटं मिळाली असती. चौथी जागा त्या काही मिनिटांत होती. पण बाराला चार लाख लिटर चांगलं पाणी ओढ्यात जाणार होतं, आणि तेही तिच्या नंबरावर.

“बाई,” नवी म्हणाली, “ते पाणी नाही. कॉफी आहे. माझी. मी काल फ्रिजमध्ये ठेवली होती. नंबर मीच लावला.”

“आणि मी टाकीवर गेलोच नाही,” काका खिडकीशीच बोलले.

जंतूताईंच्या हातातला काचेचा पेला खाली पडला. फुटला नाही, पण सगळ्यांनी तो फुटेल म्हणून वाट पाहिली.

बाईंनी राखीव बाटली बशीत पुरती ओतली. त्यांनी बशी उचलली. तपासणीच्या खोलीतून चालत दारापर्यंत गेल्या, उंबऱ्याबाहेर दोन पावलं टाकली, कारण आत खाणंपिणं बंद होतं, आणि तिथे व्हरांड्यात उभं राहून एक घोट घेतला. मग दुसरा.

“किती तास?” त्यांनी विचारलं.

“चौदा.”

“तापमान?”

“चार.”

“प्रमाण?”

“लिटरला ऐंशी ग्रॅम. मध्यम जाड.”

“कितवी पुडी?”

“सहावी.”

बाईंनी बशी संपवली. रुमालाने ओठ टिपले. आत आल्या.

“टाकीसाहेबांना फोन लाव. आवाज मोठा कर, सगळ्यांना ऐकू दे.”

फोन लागला.

“चावी उघडा आणि पाणी सोडणं रद्द करा,” बाई म्हणाल्या. “पाणी चांगलं आहे.”

“रद्द?” पलीकडून धो धो आवाज येत होता. “मॅडम, मी बारा वाजायची वाट बघत बसणारा माणूस नाही. पावणेअकरालाच झडप उघडली. दोन लाख लिटर गेलंसुद्धा!”

“मग उरलेलं तरी थांबवा.”

“कारण काय लिहू? सकाळी तुमच्याच लोकांनी सांगितलं आत जनावर मेलंय. त्या नमुन्यात होतं काय मग?”

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“कॉफी,” त्या म्हणाल्या.

फक्त पाण्याचा आवाज येत राहिला. मग टाकीसाहेबांनी विचारलं, “दुधाची?”

“काळी.”

“हे मला लेखी लागेल,” टाकीसाहेब म्हणाले. “चार प्रतींत.”

फोन ठेवल्यावर बाईंनी खुर्ची ओढली. नवी उभीच होती, आणि पाय हलत होता; या वेळी उजवा.

“लपवून ठेवलं असतंस,” बाई म्हणाल्या, “तर उद्यापासून बाटल्या धुवायलासुद्धा ठेवलं नसतं. कळलं?”

“हो.”

“कॉफी पास आहे. ठरल्याप्रमाणे जागा तुझी. पण हात दाखव.”

नवीने हात पुढे केला. बोटं वाऱ्यावरच्या कागदासारखी थरथरत होती.

“या हातांनी तू तळ्यावरचा नमुना घेणार? आजपासून परत येईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही. थेंबसुद्धा नाही. आणि तुम्ही दोघं दात काढू नका. तुमच्याशी नंतर बोलते.”

मग तयारी सुरू झाली. नवीने चार सकाळींचा हिशेब मांडला: माणशी एक मग, तीन माणसं, दिवसाला साठ ग्रॅम, म्हणजे सहाव्या पुडीतली दोनशे चाळीस ग्रॅम कॉफी. ती दुहेरी पिशवीत घातली, तोंड दोनदा वळवलं, वर चिमटा लावला. सामानाच्या यादीत ‘कॉफी’ लिहिलं आणि त्यावर बाईंची सही घेतली. चौथ्या दिवशी तिची पापणी फडफडायची थांबली. सातव्या दिवशी तराजू आपोआप सुधारला. नाडी एकोणऐंशीवर आली. फक्त निघण्याची तारीख जवळ आली तसा पाय पुन्हा हलायला लागला, पण त्याला कॉफी जबाबदार नव्हती.

निघायच्या सकाळी गाडी भरून तयार होती. जंतूताई मागे बसल्या होत्या, काकांनी इंजिन सुरू केलं होतं. बाई आल्या त्या साडी नेसून, हातात फाईल घेऊन. पाठीवर पिशवी नव्हती.

“बाई, तुमचं सामान?”

“मी येत नाहीये. त्या दोन लाख लिटरची चौकशी लागलीय. आजपासून पाच दिवस. प्रमुखाने स्वतः हजर राहायचं.”

“पण चूक आमची आहे!” नवी गाडीतून खाली उतरली. “मी येते चौकशीला. मी सांगते सगळं.”

“नंबर कुणी लावला ते विचारत नाहीयेत ते. एका नंबरच्या दोन बाटल्या करायच्या नाहीत, बाटलीला गाव विचारायचं नाही, दोन वेगळे आले तर वाईट तो खरा, हे नियम कुणी केले ते विचारतायत. ते मी केले.” बाईंनी नमुन्याच्या बाटल्यांची पेटी तिच्या हातात दिली. “पहिला नमुना तू घे. काठापासून तीन मीटर आत, हाताच्या कोपराइतक्या खोलीवर. आणि झाकण नीट लाव.”

नवीने घाईघाईने पिशवीत हात घातला आणि कॉफीची पुडी काढली. “मग ही तरी ठेवून घ्या. तुमच्यासाठीच तर...”

“ते वर न्यायचं सामान आहे,” बाई म्हणाल्या. “यादीत आहे. सही झालीय.” आणि त्या फाईल काखेत धरून टाकीसाहेबांच्या कचेरीकडे चालू लागल्या.

दोन दिवसांच्या चालीनंतर डोंगराची शेवटची कड चढून ते तळ्याशी पोचले तेव्हा ऊन अजून बऱ्यापैकी वर होतं. नवीला बोलायला काही सुचलं नाही. नऊ हजार बाटल्यांमधून थोडं थोडं पाहिलेलं पाणी समोर एका जागी पसरलं होतं, हिरवंनिळं, काठावर तळाचा दगड न् दगड दिसेल असं. ती पेटीवर बसून राहिली. तिचे दोन्ही पाय स्थिर होते, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तंबू लागल्यावर तिने पुडी, बाटली आणि मापाचा चमचा बाहेर काढला. “आत्ता भिजत घातली की सकाळी तयार. तुम्हा दोघांना कितपत कडक हवी?”

जंतूताईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पिशवीत तळाशी हात घालून एक डबा काढला. तो यादीत नव्हता. त्यात चहा होता.

“आम्ही दोघं चहाची माणसं गं,” जंतूताई म्हणाल्या. “कॉफी लागायची ती बाईंना.”

“पण पंधरा दिवस तुम्ही रोज चव घेत होतात! गुण देत होतात!”

“तू इतकी जीव तोडून करत होतीस, नाही कसं म्हणायचं?”

“मग गुण कशावर दिलेत?”

“तुझ्या तोंडावर,” काका म्हणाले. “तू ज्या कपाला आशेने बघायचीस, त्याला छान म्हणायचो.”

नवीने हातातला चमचा परत पिशवीत ठेवला. तिला स्वतःला तर थेंबाचीही बंदी होती. चारही सकाळी तिने तळ्याचे नमुने घेतले, काठापासून तीन मीटर आत, कोपराइतक्या खोलीवर. प्रत्येक झाकण दोनदा तपासलं. नंतर काकांनी दिलेला चहा प्यायली. तो अठ्ठ्याऐंशी अंशांना उकळलेला होता आणि मिळमिळीत होता. तिघांनीही तो छान म्हणून प्यायला.

खाली परत आल्यावर बाई प्रयोगशाळेच्या दारातच उभ्या होत्या. चौकशी संपली होती. नियमांत तीन दुरुस्त्या सुचवल्या होत्या, त्यांपैकी दोन बाईंनी स्वतःच. त्यांनी नमुन्याची पेटी उघडली, झाकणं एकेक बघितली, सगळी बरोबर होती.

“आणि कॉफी?” त्यांनी विचारलं. “कॉफी कशी झाली?”

नवीने पुडी उघडली, आतली कॉफी पांढऱ्या बशीत ओतली आणि बशी तराजूवर ठेवली. बशीचं वजन वजा केलं. आकडा थोडा वर-खाली झाला आणि थांबला. बाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि रजिस्टरात लिहिला: नेताना २४०.० ग्रॅम, परत आल्यावर २४१.३ ग्रॅम, धरलेली ओल १.३ ग्रॅम.